आमच्या भावोजींचं भुंकणं

रेवसपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर आमच्या भावोजींइतकं जीव ओतून भुंकणारं दुसरं कोणी नाही. यात मी कुत्रीही धरली आहेत. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागावच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर नारळीच्या वाडीत खोल्या बांधून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, आणि तसंच त्यांचं सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका सकाळी शहाळ्यांवर माकडं उतरली. भावोजींनी हातात काठीही न घेता ओटीवरूनच असं काही भुंकून काढलं, की माकडं शेजारच्या वाडीत पळाली आणि खोलीत उतरलेला पाहुणा अर्ध्या दाढीने बाहेर आला. हा पाहुणा मुंबईत मुलांच्या कार्टूनचं ध्वनिमुद्रण करायचा.

"कुत्रा कुठंय?" त्याने विचारलं.

"समोर उभाय," भावोजी म्हणाले. आणि लवकरच ते टीव्हीवरच्या ढोल्या कुत्र्याचा आवाज झाले.

मालिका साधी होती. निमू नावाची एक उपद्व्यापी चिमुरडी आणि तिचा ढोल्या. निमूने झाडावर अडकून बसायचं, ढोल्याने तिला सोडवायला जाऊन आणखी घोळ घालायचा आणि शेवटी दोघांनी मिळून चिखलात पडायचं. ढोल्याला बोलायला एक शब्द नव्हता. कागदावर नुसतं 'भुंकतो' लिहिलेलं असायचं आणि तेवढ्यावर भावोजी दिग्दर्शकाला घाम फोडायचे. "भुंकतो म्हणजे कसा? आनंदाने, संशयाने, की शेजारचा भुंकला म्हणून?" दिग्दर्शक पोरसवदा होता. तो एकदा कंटाळून म्हणाला, "काका, नुसतं भू करा ना." भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. "नुसतं भू!" ते मला म्हणाले. "मेव्हणे, नुसतं भू जगातलं कुठलंही कुत्रं करत नाही."

ध्वनिमुद्रण जवळ आलं की घसा जपण्यासाठी ते घरात माणसासारखं बोलणं बंद करत. ताईने "आणखी भाकरी वाढू?" विचारलं की "गुर्र", आमटीत मीठ कमी असलं की "कुंई". ताईला ते बरोबर कळायचं. "बोलण्यापेक्षा हे बरं," ती म्हणायची, "निदान माझ्या माहेरावर काही येत नाही." सराव वाडीत चाले. भावोजींनी सूर लावला की गावातली झाडून सगळी कुत्री साथीला येत आणि शेजारच्या काशीकाकी कुंपणावरून ओरडत, "मास्तर, तुमचा कुत्रा बांधा! आमचं वासरू बिथरलंय!"

"काकी, आमच्याकडं कुत्रा न्हाय!"

"मंग ह्ये भुकतंय कोण?"

यावर भावोजी कलावंताच्या विनयाने मान खाली घालत. एकदा तर रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्येच त्यांनी हलका सराव केला. बाकावरच्या सगळ्या बायकांनी पाय वर घेतले आणि खलाशी येऊन दरडावू लागला, "कुत्र्याचं तिकीट कुठाय?" भावोजींनी आनंदाने कुत्र्याचं तिकीट काढलं. तेवढा मान त्यांना शाळेने सेवापूर्तीच्या समारंभातही दिला नव्हता.

निमूचा आवाज सत्तरीतल्या एका बाईंचा होता. गुडघे धरून त्या स्टुडिओच्या पायऱ्या चढत, खुर्चीत टेकत आणि तोंड उघडलं की पहिलीतली पोर. दोघं एकाच माइकसमोर बसत. तिथे निमू रडली की ढोल्या इतका कळवळे की यंत्रावरच्या मुलाचे डोळे भरून येत. आणि बाहेर आली की "येते, मास्तर", "बरं, बाई". एवढ्या वर्षांत याउपर अक्षर नाही.

मग चॅनेलवाल्यांनी ठरवलं, की आता ढोल्याने बोलायचं. संवादांचा कागद आधी भावोजींनाच दिला. पहिलंच वाक्य होतं, 'हाय दोस्तांनो!' भावोजींनी कागदाची नीट घडी घालून परत केली. "माणसासारखंच बोलायचं तर शाळा काय वाईट होती?" असं म्हणून ते घरी आले. काही दिवसांनी ताईचा मला फोन. "अरे, हे हल्ली दिवसभर माणसासारखे बोलतात. मला काळजी वाटते."

मी गेलो. भावोजी ओटीवर बसून राजकारणावर बोलत होते, आणि तेही मुद्देसूद! मलाही काळजी वाटली. तेवढ्यात बाईंचा फोन आला. भावोजींनी गडबडीत तो स्पीकरवर घेतला.

"मास्तर, मीही सोडलं हो. तुमच्या जागी आलेला मुलगा गुणी आहे. पण मी हाक मारली की धावत येत नाही. चालत येतो आणि विचारतो, 'काय झालं, निमू?'" मग त्या म्हणाल्या, "मुलीकडे बंगळूरला चाललेय, कायमची. जाण्याआधी तुमची वाडी बघायचीय."

रविवारी आम्ही दोघं त्यांना घ्यायला रेवसला गेलो. लाँच लागली, माणसं उतरली. बाई मात्र दारात अडल्या. लाँच आणि धक्का यांमधल्या फटीवरून पाऊल टाकायचा धीर होईना. गर्दीत त्यांना आम्ही दिसत नव्हतो. आणि एकदम त्या म्हाताऱ्या देहातून कोवळी, घाबरलेली हाक आली, "ढोल्याऽऽ!"

भावोजी भुंकले. अख्खा धक्का दचकला. हातातली पिशवी टाकून, माणसं बाजूला सारत ते धावले आणि बाईंना हाताला धरून त्यांनी उतरवलं. धक्क्यावरची पोरं "ढोल्या! ढोल्या!" करत बाकांखाली कुत्रा शोधत होती.

घरी चहा झाला. "हवा बरी आहे." "हो." "नारळ घरचेच?" "हो." संपलं बोलणं! दोघं अवघडून बसली. शेवटी ताईच म्हणाली, "अहो, कशाला छळता एकमेकांना? भुंका की!" मग जे सुरू झालं ते उन्हं उतरेपर्यंत. निमू माडावर अडकली, विहिरीत डोकावली, काशीकाकींच्या वासराला शिंगावर घ्यायला निघाली. काकी कुंपणाला टेकून पदराने डोळे पुसत हसत होत्या.

संध्याकाळी पुन्हा रेवस. "येते, मास्तर." "बरं, बाई." लाँच सुटली. बाई कठड्याशी उभ्या राहून हात हलवत होत्या. भावोजींनीही हात वर केला, अगदी माणसासारखा.

"भावोजी, भुंका ना," मी म्हणालो. "त्या वाट बघताहेत."

लाँचवरची नजर न काढता ते म्हणाले, "कसं भुंकू, मेव्हणे? निमू ढोल्याला सोडून गेली असं एकाही भागात झालं नाही. तसं भुंकणं मला येत नाही."