वीस जणांची वाक्यं

आमच्या शाळेनं जागतिक व्हावं असा आदेश आला, तेव्हा मी मुतारीच्या नळासाठी तिसरं पत्र लिहीत होते. ते बाजूला ठेवलं आणि आदेश वाचला. राज्यातल्या सरकारी शाळांतल्या मुलांनी परदेशातल्या मुलांशी व्हिडिओवर बोलायचं, त्याचे फोटो काढायचे आणि लिंक भरायची. लिंक भरण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे, त्यामुळे राग आला नाही. नुसता कंटाळा आला.

शाळा पिंपरी पेंढारच्या बाजूला, उसात वसलेल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी मिळून वीस मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. मी जुन्नरहून स्कूटीवर येते. त्या वर्षी वस्तीवरची तीन घरं आपली मुलं काढून आळेफाट्याच्या इंग्रजी शाळेत घालून बसली होती. पिवळी बस आमच्या फाटकासमोरूनच जायची, आणि ती दिसली की पहिलीची पोरं टाटा करायची. मला ते बघवत नसे.

चौथीतल्या एका मुलीचंही तेच चाललं होतं. तिचे वडील पिकअप गाडीनं नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतात. दिवाळीच्या आधी ते शाळेत येऊन सांगून गेले, "पोरगी त्या फॉरेनच्या पोरांसंगं बोलती का बघू. बोलली तर ठेवू हितंच. न्हाईतर त्या बशीत बसवतो." मुलगी दाराआड ऐकत होती. ते गेल्यावर माझ्याजवळ आली. "बाई, मी नीट बोलले तर पप्पा हितंच ऱ्हाऊ देतील ना?"

"देतील," मी म्हटलं. शपथेवर सांगते, मला तसंच वाटत होतं.

मग तयारी. आम्हा सरकारी मास्तरांना तयारीची एकच रीत ठाऊक: पाठांतर. वीस मुलांना वीस इंग्रजी वाक्यं वाटली. एकानं शाळेचं नाव सांगायचं, एकीनं गावाचं, एकानं मला आंबा आवडतो म्हणायचं. कोण कुणानंतर उभं राहणार हेही ठरलेलं. पहिलीतली पोरं अडली की ती चौथीतली मुलगी मागून हळूच सांगायची, त्यामुळे तिला सगळ्यांचीच वाक्यं येऊ लागली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एवढ्या मेहनतीत तेवढाच विसावा.

आम्हाला अमेरिकेतली एक शाळा मिळाली होती; तिथल्या बाईंनी मेलवर त्यांच्या सकाळची वेळ दिली होती. मोबाईलवर बघून मी सुट्टीआधीच आपले संध्याकाळचे सहा काढले आणि फळ्यावर लिहून ठेवले. दिवाळीची सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं आणि ठरलेला दिवस उजाडला.

साडेपाचपासून मुलं इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत. कुणी पावडर लावलेली, कुणाच्या डोक्यावरून तेल ओघळतंय. सहा वाजले. टीव्हीच्या पडद्यावर आमचीच तोंडं आम्हाला दिसत होती. सव्वासहा झाले तरी तेच. बाहेर अंधारलं आणि पालक येऊन उभे राहिले. आमच्याकडे या दिवसांत दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं कुणी लेकरू चालवत नाही. हातात काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून ते आले होते.

"मॅडम, तुमच्या त्या पोरांना सकाळ असंल, आमच्याकडं बिबट्या हाय," एक आजी म्हणाल्या आणि नातवाचा हात धरून निघाल्या. साडेसहापर्यंत वर्ग रिकामा झाला. दुसऱ्या सरांनीही लांबच्या पोरांना पोचवायला म्हणून गाडी काढली.

उरली ती मुलगी आणि तिचे वडील. "गाडी हाय, आमाला काय घाई," ते म्हणाले आणि पहिलीच्या बाकावर कसेबसे मावून बसले. त्या वेळी मला घरी जाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं.

सातला पडदा जिवंत झाला. पंचवीसेक मुलं, हसतमुख बाई. त्यांच्याकडे दिवाळीच्या सुमारास घड्याळं एक तास मागे घेतात म्हणे. हे मला तेव्हा कळलं. सूर्य उगवेल तेव्हा उगवेल, पण घड्याळाचे काटे फिरवायचे, हे आमच्या डोक्यात यायचं कसं?

मुलगी उभी राहिली. तिनं आपलं वाक्य म्हटलं. मग एक पाऊल बाजूला सरकून दुसऱ्याचं म्हटलं. मग तिसऱ्याचं. मी पहिलीत आहे, मला आंबा आवडतो, माझा भाऊ दुसरीत आहे. वीसच्या वीस वाक्यं ठरलेल्या क्रमानं, प्रत्येक वेळी एक पाऊल सरकत. तिकडची पोरं आधी गोंधळली, मग हसली. एकानं विचारलं, बाकीचे कुठे आहेत? हे आमच्या पाठांतरात नव्हतं. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली: सगळे घरी, उसात बिबट्या आहे. मग काय, प्रश्नांवर प्रश्न. बिबट्या केवढा, तू पाहिलास का, भीती वाटते का? ती हातवारे करत वीस मिनिटं बोलत होती. तिचे वडील बाकावरून उठून उभे राहिले होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी ते मुलीला घेऊन शाळेत आले. दाखला मागायला.

"मॅडम, तुमीच घडवली तिला. पर एवढी हुशार पोरगी हितं ठिऊन वाया घालवायची व्हय?"

मी भांडले. तिथं एका वर्गात किती मुलं कोंबतात, तिथं तिला कोण विचारणार, ती जे बोलली ते इथंच शिकली, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कसलाही टोमणा न मारता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची पोरगी कुठं असती शिकाया?"

"जुन्नरला," मी म्हटलं. "इंग्रजी मीडियमला."

"मंग," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी कपाटाकडे गेले. मुलगी माझ्या मागोमाग आली.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "माजं कुठलं वाक्य चुकलं?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि दाखल्यांचं पुस्तक काढलं.