तीन मोजेपर्यंत

वाळूजच्या कंपनीत पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपवर बावीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढली, आणि आठ माणसांची लाइन घालवली ती पंधरा मिनिटांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मोठ्या साहेबांना आमची लाइन उचलून दुसऱ्या राज्यातल्या प्लँटला न्यायची होती. ती इथंच का ठेवावी हे मांडायची एक संधी आमच्या मॅनेजरनं कशीबशी मिळवली. लाइन तुम्ही चालवता, तुम्हीच बोला, म्हणाला. शॉपमध्ये प्रेसचा धडधडाट, म्हणून मी हर्सूलच्या घरून बोलायचं ठरलं. लाइनवरचा सगळ्यात जुना ऑपरेटर, ज्याची पोरगी नर्सिंग शिकत होती, त्यानं मला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाला, "साहेब, आमची भाकर आता तुमच्या जिभेवर हाय." मी त्याच्या पाठीवर थाप मारली, निर्धास्त राहा म्हटलं. लई मोठा शहाणा मी.

माझी मुलगी घरूनच नोकरी करते, दिवसभर तिच्या अशाच मीटिंगा चालतात. तिनं मला चार दिवस धरून बसवलं. तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे कॅमेरा डोळ्यांसमोर येतो. स्वतःचं तोंड बघत बसू नका, त्या बारक्या ठिपक्याकडे बघा, म्हणाली. मी बोलायला लागलो की ती कानांवर हात ठेवायची. काय करणार, बावीस वर्षं प्रेसच्या वर आवाज काढायची सवय! हळूहळू आवाज उतरला. शेवटी तिनं मला थांबायला शिकवलं.

"बाबा, एक मुद्दा झाला की थांबायचं. मनात तीन मोजा. ऐकणाऱ्याला जरा पचू द्या."

ते मी पाठ केलं. गाडीवर जाता-येता मोजायचो. सिग्नलला शेजारचा माणूस माझे हलणारे ओठ बघायचा.

आता आमच्या शॉपची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्ही प्रेसजवळ गोल उभं राहून पाच मिनिटं बोलतो. मी एकेक गोष्ट सांगायची, गड्यांनी "व्हय" म्हणायचं. कुणीच व्हय म्हटलं नाही, तर समजायचं, काहीतरी खुपतंय. मग सुपरवायझरनं आपली चूक आपणच आधी बोलून टाकायची. कालचे हातमोजे माझ्यामुळं द्यायचे राहिले, असं काही. ती चूक बोलून टाकली की माणसं मोकळी होतात. माझ्या आधीच्या सुपरवायझरनं मला हे शिकवलं होतं, आणि ते कधी फसलं नव्हतं.

मीटिंग सुरू झाली. स्क्रीनवर अकरा काळ्या चौकटी, चेहरा एकाचाही नाही. मी हिंदीतून, दमानं, ठिपक्याकडे बघत सांगितलं की आमच्या लाइनचा माल वर्षभरात एकदाही उशिरा गेला नाही. थांबलो. एक, दोन, तीन. पलीकडून हूं की चूं नाही. ह्यांना काहीतरी खुपतंय, मी मनाशी म्हटलं, आणि बोलून गेलो, की हां, मागं एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तडकली होती, तेव्हा थोडा माल परत आला होता. ती गोष्ट कधीच मिटली होती, कुणाच्या ध्यानातही नव्हती. पुन्हा थांबलो. पुन्हा शांतता. मग मी सांगितलं की मोठी प्रेस जुनी झालीय, अधूनमधून कुरकुरते. तरीही शांतता. मग म्हटलं, दोन गडी लवकरच रिटायर होतील, त्यांच्या हाताची माणसं मिळणं अवघड आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी एका चौकटीतून आवाज आला, सगळं प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल धन्यवाद. मला वाटलं, जिंकलो.

दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन. "अहो, ते सगळे माइक बंद करून नुसते ऐकत होते. तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

मी खुर्चीतच बसून राहिलो. मुलगी चहा घेऊन आली, थांबला होतात ना म्हणाली. व्हय, म्हटलं, तू सांगितलंस तिथं तिथं थांबलो. तिचा चेहरा उजळला. बाकीचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

महिन्याभरानं निर्णय आला. मॅनेजर म्हणाला, माणसांना तुम्हीच सांगा. सकाळी प्रेसजवळ आठ जण गोल उभे राहिले. मी सांगितलं, लाइन जाणार. कुणी व्हय म्हटलं नाही. जुना ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघत होता. रीतीप्रमाणं आता मी बोलायचं होतं, आणि बोलायला माझ्याकडं खरी चूक होती, बावीस वर्षांतली सगळ्यात मोठी. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन.

"प्रेस चालू करा," मी म्हणालो.

आणि त्यांनी केली.