कडा गेलेलं चित्र

कोंडाजी पगारेला कुणी 'ए कोंड्या' म्हटलं, की तो पाठीवरचं पोतं खाली ठेवायचा. आधी नाव नीट घ्यायला लावायचा, मगच पोतं पुन्हा उचलायचा. नाशिकरोडच्या मालधक्क्यावर त्याची उभी हयात हमालीत गेली. सिमेंट वाहून खांद्याला घट्टा पडला, जिभेला मात्र पडला नाही. हमालांचा मोर्चा निघाला की पुढे तोच. कुठे अन्याय झाला असं नुसतं कानावर आलं तरी त्याच्या पायात चप्पल असायची. खरं काय नि खोटं काय, ते वाटेत बघू!

अशा माणसाच्या घरात टीव्हीसुद्धा भांडणातूनच आला.

वस्तीच्या मागे कारकुनांची चाळ होती. तिथल्या एका घरात त्या भागातला पहिला टीव्ही. रविवारी पिक्चर लागला की वस्तीतल्या बायका-पोरं त्या खिडकीशी गर्दी करायची. एका रविवारी कोंडाजीची बायको विमलाबाई तिथे उभी होती, आणि पिक्चर ऐन रंगात आल्यावर घरातल्या बाईने खिडकीचा पडदा ओढून घेतला. "तुमच्यामुळं आत वारा येत नाय," म्हणाली.

विमलाबाईने घरी येऊन ते हसत सांगितलं. "अर्धा तर बघितला. राहिलेला मी मनानं लावते."

कोंडाजी हसला नाही. पुढच्याच महिन्यात देवळाली कॅम्पात एका लष्करी साहेबाची बदली झाली. तिथे बदली झाली की साहेब लोक पलंगापासून पिंजऱ्यापर्यंत सगळं विकून जातात. त्या सामानात चौदा इंची, काळापांढरा, सरकत्या दारांचा टीव्ही होता. कोंडाजीने तो घेतला आणि हमालाने घ्यावा तसाच घेतला, म्हणजे पाठीवर. चाळीसमोरून मुद्दाम हळू चालत आणला. टेबलावर ठेवला आणि जमलेल्या माणसांना दम भरला, "या घरात उंबऱ्यावर कुणी बसायचं नाय. आत या. जागा नसली तर मी बाहेर बसन."

खरोखर तो बाहेर बसायचा. नाहीतर पत्र्यावर असायचा, कारण वारा सुटला की अँटेना फिरायची. मग कोंडाजी वर पाइप धरून ओरडायचा, "दिसतं का?" आणि विमलाबाई दारातून ओरडायची, "नाय! मुंग्याच हायेत!" "आता?" "आलं, आलं! गेलं!" सगळ्या गल्लीला हा संवाद पाठ होता. शेजारच्या कुसाबाई म्हणायच्या, "टीव्हीतल्या पिक्चरपेक्षा तुमचाच बरा चालतो."

तीन-चार वर्षं अशी गेली. मग विमलाबाईचं "नाय दिसत" वाढत गेलं.

"अहो, चित्राच्या कडा गेल्यात बघा. मधलंच माणूस दिसतं. बाजूला कोण बोलतंय कळत नाय."

कोंडाजीने मेकॅनिक शौकतला बोलावलं. शौकत वस्तीचाच जावई असल्यासारखा वावरायचा. चहा घेतल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. त्याने मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, आणि खरं तेच सांगितलं, "चाचा, ट्यूब थकली ह्याची. जुन्या टीव्हीचं चित्र असंच चारी बाजूंनी आत येतं. हे बघा, दोन बोटं काळी पट्टी पडली."

पट्टी होती. सगळ्यांनी बघितली. मग काय, वाद मिटला. विमलाबाईचा टीव्हीशी आणि टीव्हीचा विमलाबाईशी ताळा जुळला. ती तक्रार करायची, शौकत यायचा, पट्टी जरा हटायची, ती म्हणायची, "फरक नाय," आणि कोंडाजी म्हणायचा, "शौकत, तुझा हात बिघडलाय."

ती पडद्याजवळ सरकत गेली. मागची पोरं ओरडायची, "आजी, काचेत शिरता काय?" तिचं डोकं दुखायचं. दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतं म्हणायची. कोंडाजीने निकाल दिला, "टीव्ही लय जवळून बघती म्हणून."

विमलाबाई एका व्यापाऱ्याच्या गोदामात गहू निवडायला जायची. सुपातला खडा तिच्या बोटातून सुटत नसे, असा लौकिक. त्या साली व्यापाऱ्याने तिला कामावरून कमी केलं. "बाईच्या सुपात खडे राहतात," इतकंच म्हणाला. कोंडाजीला तेवढं पुरे होतं. वीस-पंचवीस हमाल घेऊन तो गोदामाच्या दारात बसला. "आमच्या बायकांच्या हाताला नावं ठेवता? उद्यापासून तुमचं पोतं कोण उचलतं बघतो!" व्यापारी संध्याकाळपर्यंत नमला. घरी येताना कोंडाजीला गुलाल लावला होता पोरांनी.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई कामावर गेलीच नाही. "गुडघे दुखतात," म्हणाली.

त्या आठवड्यात घोटीचा नवा तांदूळ शिजला. पहिल्याच घासाला कोंडाजीच्या दाताखाली खडा आला. त्याने ताट सरकवलं आणि जे तोंडात आलं ते बोलला, "आंधळी झालीस काय गं?"

विमलाबाईने वरण वाढताना हात थांबवला. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बघते उद्यापास्नं नीट."

त्यालाही मागाहून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की माफी मागायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला वस्तू आणता यायची. हिला टीव्ही दिसत नाही, म्हणून हिचं मन घरात लागत नाही, असा त्याने हिशेब मांडला. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीआधी, मजुरीतला थकलेला फरक हातात पडला त्याच दिवशी, त्याने जाहीर केलं, "एकवीस इंची. कलर. आणि पसंत करणार विमल. तिला दिसला तोच घ्यायचा."

बिटकोच्या चौकापुढच्या एका दुकानात तिघे गेले. कोंडाजी धुतलेल्या सदऱ्यात, विमलाबाई निळ्या लुगड्यात, शौकत मालाची पारख करायला. दुकानात भिंतीशी टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम चालू. दुकानदार तरुण होता, गोड बोलणारा. त्याने मोठ्या संचासमोर खुर्ची ठेवली. "बसा मावशी. थेटरात बसल्यासारखं वाटेल."

विमलाबाई बसली. तिने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. सुपात गहू फिरवावा तशी मान फिरत होती.

"कसाय?" कोंडाजीने विचारलं.

"ह्याच्याबी कडा गेल्यात," ती म्हणाली.

"दुसरा लाव," कोंडाजी दुकानदाराला म्हणाला. दुसरा लावला. तिसरा लावला. विमलाबाई हळूच बोलली, जसं काही आपलीच चूक आहे, "आपला लहान होता तोच बरा. त्याच्यात अख्खा माणूस तरी मावायचा. ह्याच्यात नुसतं नाक दिसतं."

कोंडाजीचं डोकं फिरलं. "काय रे ए शेठ! परत आलेला माल दाखवतो काय आम्हाला? वस्तीतली माणसं, यांना काय कळतंय, असंच ना?"

"काका, पेटीचं सील तुमच्यासमोर फोडलं..."

"काका नको म्हणू! चाळीतल्या लोकांनी पडदा ओढला, तू मोठा पडदा दावून लुटतो! उद्या दुकानापुढं दोनशे हमाल बसवतो, मग बघ!"

दुकानदार पांढरा पडला. शौकतने मात्र कोंडाजीकडे बघितलंच नाही. तो विमलाबाईच्या खुर्चीमागे गेला. तिच्या कानाशेजारून त्याने हात पुढे काढला आणि बोटं हलवली. हात पुढे पुढे नेला. पार नाकासमोर येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग दचकली. "अगं बया, कोण हे?"

"मी, चाची. शौकत," तो म्हणाला, आणि कोंडाजीकडे वळला. "चाचा, टीव्हीकडं बघा जरा."

कोंडाजीने प्रथमच पडद्याकडे बघितलं. बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीचा काठ, कानातले मोती, टेबलाचे चारही कोपरे. आरशात बघावं तसं लख्ख. सगळ्या कडा जिथल्या तिथे.

कोंडाजीने विमलाबाईचा हात धरून तिला खुर्चीतून उठवलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत तपासलं. काचबिंदू. "हा नजर कडेकडून खातो," त्या म्हणाल्या. "गेलेली परत येत नाही. उरलेली किती टिकते बघू. आजी, दोन वर्षांपूर्वी का नाही आलात?"

विमलाबाई म्हणाली, "टीव्ही बिघडला होता."

डॉक्टरीणबाईंना वाटलं म्हातारी चेष्टा करते. कोंडाजी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भांडायला समोर कुणी नव्हतं.

टीव्ही घ्यायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. विमलाबाईनेच मोडता घातला. "आता जुना तर पार मेला. पोरं परत त्या खिडकीशी जातील. आणा तुम्ही."

"तुला काय उपयोग?"

"माझ्या घरात उंबऱ्यावर कुणी बसायचं नाय, हे तुम्हीच बोल्ला होता."

मग कोंडाजी पुन्हा त्या दुकानात गेला. त्या तरुण दुकानदाराला आधी हात जोडले. ते कसे जोडले, हे त्याचं त्याला माहीत. एकवीस इंची संच हातगाडीवर घालून आणला. पाठीवर घेतला नाही. चाळीसमोरून जाताना मान वर केली नाही.

वस्ती लोटली. रंग बघून पोरं वेडी झाली. विमलाबाईने पुढची जागा पोरांना दिली आणि मागे भिंतीला टेकून बसली. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घालूनही वर्षभरात मधलं चित्रही विरत गेलं. कुसाबाई शेजारी बसून सांगायच्या, "आता हिरवी साडी नेसलीय बरं का," आणि ती म्हणायची, "हं. पुढचं मी मनानं लावते."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी वावटळ आली. ऐन पिक्चरमध्ये पडद्यावर मुंग्या. पोरं ओरडली, "कोंडाजीबाबा, अँटेना!" तो सवयीने पत्र्यावर चढला. पाइप धरला, फिरवला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ओरडला, "विमल, दिसतं का?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. खाली घरातला गलका एकदम बंद झाला.

मग विमलाबाई भिंत चाचपत दारात आली. तोंड वर केलं, पण तो होता त्याच्या जरा दुसऱ्याच बाजूला.

"दिसतं, दिसतं," ती म्हणाली. "लय झ्याक दिसतं. या आता खाली."

कोंडाजी खाली आला नाही. वारा पडला, पिक्चर संपला, पोरं घरोघर गेली, तरी तो वर तसाच पाइप धरून बसला होता.