म्हण, पाणी

माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती आणि मला अजिबात दम नव्हता. इलाज मात्र आम्ही फक्त पहिल्या गोष्टीसाठी शोधत फिरत होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अमळनेरला मी प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा नोकरीसाठी सुरतेला, महिन्यातून एकदा येणारा. घरात मी, मुलगी आणि माझे सासरे. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. मुलीला समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, आबांचा चष्मा शोधून द्यायची. हवं असेल त्याकडे बोट दाखवायची आणि ते तिला मिळायचं. शब्द मात्र एकही नाही. शाळेतून आले की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी मी आबांना विचारायची, आज काही बोलली का? आबा नुसती मान हलवायचे.

कुणी म्हणालं, पोपटाने टोचलेला पेरू द्या. दिला. वेखंड उगाळून जिभेला लावलं. यावलकडच्या एका वैद्याचा काढा आणला, तो तिने माझ्या पातळावर थुंकला. शेजारणीने ठामपणे सांगितलं की जीभ खालून चिकटलीय, कापून घ्या. तशीच उठून जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, कान चांगले आहेत, जीभ मोकळी आहे, थोडी वाट बघा. ‘वाट बघा’ हे मला शिवीसारखं लागायचं. कुठलाही उपाय मी महिनाभर नेटाने केला असेल तर शपथ. आठ दिवसांत गुण दिसला नाही की दुसरा. एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्यात आमच्या मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं. येत्या जूनमध्ये तिला पाच पूर्ण होत होती. “बाई, निदान स्वतःचं नाव तरी सांगू द्या तिला. मग लगेच पहिलीत घेतो.” दुसऱ्यांच्या पन्नास पोरांना मी बाराखडी शिकवत होते आणि माझ्याच शाळेचं दार माझ्या मुलीला बंद होणार होतं. माझ्या डोक्यात फक्त जून होता.

एप्रिलमध्ये कळलं की धुळ्याला एका दवाखान्यात दर शनिवारी मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. रजा टाकून गेले. बाई तरुण होत्या, आवाज अगदी हळू. सतरंजीवर बसून त्यांनी मुलीबरोबर चेंडू खेळायला घेतला. मध्येच चेंडू हातात धरून ठेवला आणि तिच्याकडे नुसतं हसून बघत राहिल्या. मुलगी “अं” म्हणाली. चेंडू लगेच तिच्याकडे आला.

“तुमच्या घरी सगळे तिला न बोलताच समजून घेतात,” त्या मला म्हणाल्या. “तिला बोलायची गरजच पडत नाही. वस्तू हातात धरा. तिला मागायला वेळ द्या. आणि...”

मी घड्याळ बघितलं. दीडची एसटी चुकली की पुढची दोन तासांनी. “समजलं बाई, मी पण शिक्षिकाच आहे,” म्हणत मी उठले. त्या काहीतरी सांगतच होत्या. मी दारातून मान डोलवली.

परतीच्या एसटीत मी खूश होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला पटेल असं बोललं होतं. माझ्या वर्गात उभं राहून “बाई, पाणी पिऊ?” असं विचारल्याशिवाय एकही पोर माठाकडे जायचं नाही. जो विचारत नाही तो मधल्या सुट्टीपर्यंत तहानलेला. त्याने कुणी मेलं नव्हतं, उलट मुकी पोरंसुद्धा आठवड्यात बोलकी व्हायची. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊनच मी घरी आले.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी सुरू केलं. माठ खालून उचलून ओट्यावर ठेवला, तिचा हात पोचू नये म्हणून. पहिले दोन दिवस भाकरी, गूळ, बाहुली यांवर गेले. ती रडायची, आबा गुपचूप द्यायचे. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज कुणाचं ऐकायचं नाही.

दुपारी दोनचा सुमार. बाहेर उन्हाच्या झळा. तिने माझा पदर ओढला आणि माठाकडे बोट दाखवलं. मी पेला भरला आणि तो धरून तिच्यासमोर बसले.

“म्हण, पाणी.”

तिने ओठ मिटले, उघडले. आवाज नाही. पुन्हा बोट.

“म्हण.”

ती रडायला लागली. आबा बाहेरून आत आले. “काय करी ऱ्हायनी तू? पोरले तिस लागेल शे. पानी दे तिले.”

“आबा, मध्ये पडू नका. धुळ्याच्या बाईंनी सांगितलंय.”

ते माठाकडे निघाले तशी मी उठून आडवी आले. सुनेच्या अंगावर आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. “मास्तरीन तू शाळामा,” ते हळूच म्हणाले. “आठे, घरमा, तू तिनी माय शे.” आणि टोपी घालून तशा उन्हात घराबाहेर पडले. त्यांना बघवत नव्हतं.

थोड्या वेळाने मुलीचं रडणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मागच्या दाराने निघून गेली. मला वाटलं, रुसलीय, येईल. मी पेला धरून बसून राहिले. आतल्या आत मी म्हणत होते, आता हरायचं नाही. कुणाशी हरायचं नाही, ते विचारायची मला शुद्ध नव्हती.

बराच वेळ झाला तशी उठून बघायला गेले. मागे शेजाऱ्यांच्या शेळीसाठी पाण्याचं घमेलं असायचं. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि ओंजळीने पीत होती. हनुवटीला कडब्याची काडी चिकटलेली. मी धावले, तिला उचललं आणि आधी काय केलं, तर पाठीत धपाटा घातला. मग रडले. लाज वाटली म्हणून मारलं, हे मला आज कळतं.

शनिवारी धुळ्याच्या बाईंना मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी मुलीला सतरंजीवर बसवलं. मग म्हणाल्या, “मी त्या दिवशी सांगत होते, मनात दहा मोजा आणि मग द्याच. आवाज निघो, न निघो. आणि खेळण्यावर करा. पाण्यावर नाही हो. जेवणावर नाही.”

त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. मी धरला, हसायचा प्रयत्न केला. मुलीने चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. उठून बाईंच्या पाठीमागे जाऊन बसली.

“आता शिकवणं थांबवा,” बाई म्हणाल्या. “ती मागेल त्याच्या आधीच द्या. तुमच्याकडून मिळतं, हे तिला पुन्हा पटू द्या.”

“किती दिवस?”

“ते ती ठरवेल.”

जून आला आणि गेला. शाळेत नव्या पहिलीची नावं मीच हजेरीपटावर लिहिली, तिचं सोडून. घरी माठ खाली आला. मी दिवसभर तिला काही ना काही देत सुटले. पाणी, गूळ, बिस्किट, खडू. ती घ्यायची आणि आबांकडे जाऊन बसायची. शनिवारची धुळ्याची खेप मात्र मी चुकवली नाही आणि एसटीसाठी एकदाही मध्येच उठले नाही.

नव्या शेंगा घरात आल्या तेव्हा आबा दारात बसून त्या फोडत होते, ती शेजारी. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरून आवाज आला, “दे.” बारीक, घोगरा. थोड्या वेळाने पुन्हा, “दे.” मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. आबा एकेक दाणा तिच्या हातावर ठेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती शांतपणे घेत होती, चावत होती, पुन्हा मागत होती.

मीही खाली बसले. सुपातले मूठभर दाणे घेतले आणि तळहात तिच्यापुढे उघडा धरला. काही बोलले नाही, काही मोजलं नाही. तिने झडप घालून सगळे दाणे एकदम ओढून घेतले, मी मूठ मिटायच्या आत.