एका खात्यातले तिघे

सोमवार, २ जून रोजी काटकोनने चार हजार आठशे पन्नास रुपये भरले आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा विद्यार्थी झाला.

काटकोन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, काड्या गरम करून वाकवायचा. एकवीस वर्षं हेच काम. वाकडा चष्मा त्याला बघवत नसे. बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या नाकावर चष्मा तिरका दिसला, तर "जरा द्या हो इकडे" म्हणून तो उतरवून घ्यायचा आणि अंगठ्याने काडीला दाब देऊन परत करायचा. लोक आधी घाबरायचे, मग आभार मानायचे. दुकानातलं कोणीतरी एकदा त्याला काटकोन म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे पुढे बायकोही माहेरी बोलताना तेच नाव घेऊ लागली.

गेल्या वर्षी म्हातारे मालक थकले आणि त्यांनी दुकान एका कंपनीला विकलं. कंपनीच्या गावोगावी शाखा. काउंटरवर मॅडम आल्या, भिंतींना नवा रंग आला आणि पाठोपाठ नियम आला: मागच्या खोलीत काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. त्यासाठी कुठे जायचं नव्हतं. मोबाइलवर ॲप होतं, त्यात धडे होते, शेवटी परीक्षा होती. तीस सप्टेंबरच्या आत शंभरपैकी साठ गुण मिळवले तर मागची खोली त्याची. नाहीतर कंपनीच्या गोदामात खोकी बांधायची. पगार तोच, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. पगार तोच राहणार होता हे खरं, पण केसभर तिरकी काडी ज्याला खपत नाही, त्याने उरलेला जन्म खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, हे काही काटकोनच्या घशाखाली उतरेना.

म्हणून तो शिकायला बसला. ॲपमध्ये एक लाल फुगा होता. रोजचा धडा केला की फुगा जरासा वर चढायचा. एक दिवस खाडा झाला की फट्कन फुटायचा आणि नवा फुगा पुन्हा जमिनीवरून सुरू. कोणाचा फुगा कुठवर चढला हे मॅडमना त्यांच्या संगणकावर दिसे. त्यामुळे काटकोनच्या घरात त्या फुग्याचा जो धाक बसला तो कुठल्या पाहुण्याचाही बसत नाही.

पहिले काही दिवस त्याने इमानाने स्वतःच धडे केले. मग एकदा दुकानात काम तुंबलं. घरी आला तो जेवता जेवताच पेंगायला लागला आणि तसाच आडवा झाला. सकाळी उठून बघतो तर फुगा शाबूत.

"मी वाचवला," बायको म्हणाली. "चार गणितं होती. केली."

"तुला कशी आली?"

"आली म्हणजे? गणितंच तर होती."

बायको बेकरीच्या काउंटरवर होती. तिथे बिलाचं यंत्र होतं, पण यंत्राच्या आधी हिच्या तोंडून रक्कम निघे. काच इतके मिलिमीटर सरकली आणि नंबर इतका असला तर डोळ्यावर ताण किती पडेल, असली ती गणितं. ताण कशाला म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं आणि त्याने तिचं काही अडलंही नाही.

त्यानंतर पोरगी पुढे सरसावली. ती नववीत. डोळ्याचे भाग, प्रकाश कसा वळतो, हे सगळं तिला शाळेत नुकतंच झालेलं. बाबा एकेक ओळ बोट ठेवून वाचतात हे बघून तिला राहवेना. ती मोबाइल हिसकावून घ्यायची आणि भराभरा उत्तरं दाबून परत द्यायची. अशी आपोआप कामाची वाटणी झाली. सकाळी सहाला, बेकरीत जायच्या आधी, बायको गणितं करायची. शाळेतून आल्यावर पोरगी वाचनाचे धडे उरकायची. फ्रेमचे फोटो दाखवून यात काय चुकलं असं विचारलं की ते काटकोनचं.

यात काही गैर आहे असं तिघांपैकी कोणाच्या मनात आलं नाही. विजेचं बिल भरायला घरातलं कोणीही रांगेत उभं राहिलं तरी बिल घराचंच भरलं जातं. फी घराने भरली होती, फुगा घराचा होता, तेव्हा शिक्षणही घरात येतंय एवढं काटकोनला पुरेसं वाटलं.

पण ॲप ज्याला शिकवत होतं तो माणूस वेगळाच होता. जुलैत ॲपने काटकोनला कळवलं की तुमची बुद्धी पहाटे सर्वांत तल्लख असते. काटकोनला सकाळी सहाला चहाचा कप कुठल्या हातात आहे तेही समजत नसे. पुढच्या आठवड्यात कळवलं की आकडेमोडीत तुम्ही शंभरातल्या पहिल्या सातांत आहात. मग एकदा दटावलं, की तुम्ही वाचताना फार घाई करता. काटकोनने हे तिन्ही निरोप दोन-दोनदा वाचले. आधी त्याला हसू आलं. मग वाटलं, एवढं मोठं यंत्र म्हणतंय म्हणजे त्यात काहीतरी असेल. पुढे काही दिवस तो पहाटे उठून बसला आणि आपली बुद्धी तल्लख होते का याची वाट पाहू लागला. झोपेशिवाय काही आलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत मॅडमनी संगणकावरून त्याचे आकडे वाचून दाखवले. "काटकोन, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात," त्या म्हणाल्या. दुकानात पुढे डोळे तपासणारी मुलगी चष्म्याचा नंबर एका पद्धतीने लिहायची आणि काचेचा कारखाना तो दुसऱ्या पद्धतीने मागायचा. ते रूपांतर आजवर तीच करायची. आता ते काटकोन तपासेल, असं मॅडमनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नाही म्हणायला काटकोनने तोंड उघडलं, पण सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून तो नंबरांच्या चिठ्ठ्या खिशात घालून घरी आणायचा, बायको भाजी चिरता चिरता उत्तरं सांगायची आणि सकाळी तो त्या चिठ्ठ्यांवर टिक करून द्यायचा. एकही चूक निघाली नाही. याने त्याला बरं वाटण्याऐवजी धडकीच भरत गेली.

महिनाअखेरीस सराव परीक्षा आली. कॅमेरा चालू ठेवून, खोलीत एकट्याने बसून द्यायची. बायको आणि पोरगी शेजारच्या खोलीत गेल्या. परीक्षा तुमच्या पातळीला साजेशी आहे, असं ॲपने आधीच सांगितलं होतं. फ्रेमचा एकही फोटो आला नाही, कारण त्यात तो पक्का आहे हे ॲपने केव्हाच मान्य केलं होतं. आली ती सगळी गणितं, आणि तीही शंभरातल्या सातांना शोभतील अशी. काटकोनची नजर दोनदा दाराकडे गेली आणि दोन्ही वेळा पडद्यावर अक्षरं आली की कृपया समोर पाहा. गुण पडले एकतीस. खाली ॲपने काळजीने लिहिलं होतं, "आज तुम्ही नेहमीसारखे वाटत नाही. थोडी विश्रांती घ्या."

काटकोनने ती ओळ पुन्हा वाचली. तो अगदी नेहमीसारखाच होता. नेहमीसारखं नसलेलं काही त्याच्याजवळ नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पोरीने त्याला ॲपचा मदतकक्ष उघडून दिला. तिथे टाइप करून बोलायचं होतं. पलीकडे माणूस आहे की यंत्र हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या खात्यात चुकून तिघं शिकली, असं काटकोनने लिहिलं. आपल्या खात्यात एकच विद्यार्थी दिसतो, असं उत्तर आलं.

"तो मी नाही," काटकोनने लिहिलं.

"मग आपण कोण?"

"मी तोच. पण त्यातला तिसरा हिस्सा."

त्यावर पलीकडून आलं, की आधी ओळख पटवावी लागेल, आपण सर्वांत प्रवीण असलेला विषय सांगा. या प्रश्नाला काटकोन कचरला नाही. त्याने लिहिलं: फ्रेम बसवणे. उत्तर जुळत नाही. आपण सहसा अभ्यास कधी करता? जेवणानंतर, त्याने लिहिलं. हेही जुळत नाही. आणखी एकदा चुकलात तर खातं बंद होईल.

"बाबा, तुम्ही स्वतः तुम्ही नाही आहात," पोरगी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबू लागली.

"तू गप. आईला बोलाव."

बायको हात पुसत आली, उभ्या उभ्याच मोबाइल घेतला. आकडेमोड, तिने लिहिलं. सकाळी सहा. लगेच उत्तर आलं: धन्यवाद सर, आपली ओळख पटली.

"बघा," बायको म्हणाली. "सर."

काटकोनलाही हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. एकवीस वर्षं ज्या कामावर तो बसला होता त्याबद्दल त्याला विचारलं गेलं, त्याने खरं ते सांगितलं आणि तो खोटा ठरला. चूक कोणाची म्हणायची? ॲपने तर समोर आलं तेच मोजलं होतं. बायकोने आणि पोरीने भल्यासाठीच केलं होतं. रागवावं तर कोणावर, हेच त्याला उमगेना.

मदतकक्षाने तोडगा दिला तो असा: जुनं खातं पुसून टाकायचं आणि सहाशे रुपये भरून नवं उघडायचं. फुगा जमिनीवर. काटकोनच्या हातात तेव्हा पैसे नव्हते, ते बायकोने आपल्यातले भरले.

फुगा जमिनीवर दिसणार म्हणजे मॅडमना सांगणं भाग होतं. "मॅडम, ते गणित माझं नव्हतं," तो म्हणाला. मग कोणाचं, असं त्यांनी विचारलं. "घरचं," काटकोन म्हणाला. मॅडमना वाटलं तो घरच्या अडचणीसाठी रजा मागतोय. समजावून सांगता सांगता दोनदा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि तरीही त्यांना काय कळलं हे काटकोनला सांगता आलं नसतं. नंबर तपासायचं काम त्यांनी परत डोळे तपासणाऱ्या मुलीकडे दिलं आणि एवढंच म्हणाल्या, की कंपनी फक्त तारीख बघते.

नव्या खात्यातला पहिला धडा होता: हा चष्मा आहे. काटकोनने तो पुरा केला. पुढचा प्रत्येक धडा त्याने स्वतःच्या बोटाने केला. बायको शिकवायला बसे, पण ती शिक्षक म्हणून कुचकामी निघाली. हे असं का, म्हणून विचारलं की म्हणायची, "अहो, दिसतंय की." तिला दिसायचं, त्याला दिसायचं नाही. दोघंही एकमेकांवर वैतागायचे. पोरगी मध्येच म्हणायची, "आई, पायरी पायरीने सांग ना," तर आई म्हणायची की मधे पायऱ्या कुठे आहेत?

शेवटी नंबराचं रूपांतर त्याला कळलं ते एका संध्याकाळी दुकानात, हातात काच असताना. आधीचे दोन आकडे एकत्र करायचे, दुसऱ्याचं चिन्ह उलटायचं आणि कोन नव्वद अंशांनी फिरवायचा, हे बायको त्याच्याकडून घोकून घ्यायची, पण त्याला ते नुसते शब्द वाटत होते. त्या संध्याकाळी त्याने काच दिव्यासमोर धरली आणि सहज आडवीची उभी केली. तो तसाच थांबला. पुन्हा आडवी केली, पुन्हा उभी. मग घरी जाऊन बायकोला म्हणाला, की दिसलं. तिने विचारलं, काय दिसलं? त्याला धड सांगता आलं नाही.

अठ्ठावीस सप्टेंबरला परीक्षा झाली. या खेपेला फ्रेमचे फोटोही आले आणि ते बघून त्याला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. गणितांतली निम्मी सुटली. गुण पडले चौसष्ट. प्रमाणपत्राबरोबर ॲपचा अभिप्राय आला: आपण मध्यम गतीचे विद्यार्थी आहात, हातकामात उत्तम, आकडेमोड कच्ची, सकाळचा अभ्यास टाळावा. काटकोनने तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यात त्याला ओळखीचा माणूस सापडला होता. मागची खोली त्याच्याकडेच राहिली. मॅडमनी प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ते डावीकडे जरा उतरलेलं होतं. त्या वळताच त्याने ते सरळ केलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी. पण ऑक्टोबरात एकदा सहाच्या सुमाराला त्याला जाग आली तर बायको टेबलाशी बसलेली. समोर त्याचा मोबाइल, पडदा काळा. बेकरीला जायला अवकाश होता.

"काय करतेस?"

"काही नाही. सवय लागलीय उठायची." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ते जुनं खातं पुरतंच गेलं का हो? त्या शंभरातल्या सातांचं?"

"पुसलं ना आपण."

"हं."

मग तिने विचारलं की नवीन माणसाला नाव घालायचं तर किती पडतात. त्याने सांगितलं, चार हजार आठशे पन्नास. तिने उठून केस बांधले, पिशवी घेतली आणि ती गेली. काटकोन बिछान्यात बसून राहिला. परीक्षा पास झाला होता, मागची खोली राहिली होती, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी घरातून काहीतरी गेलं होतं आणि ते कोणाचं म्हणायचं, याचा मेळ त्याला लागेना. तिने नाव घातलं तर ती चष्म्यांचं काय करणार? आणि नाही घातलं तर रोज सहाला उठून काय करणार? दोन्ही प्रश्न त्याने दुकानात जाईपर्यंत डोक्यात आलटून पालटून फिरवले.

नव्या खात्याचे सहाशे रुपये बायकोने भरले होते. त्यातले चारशे त्याने ऑक्टोबरच्या पगारातून परत केले. दोनशे द्यायचे आहेत.