एका प्रश्नाचा पेपर

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हिम्मतराव सावळ्यांनी अर्ध्या हिमायतनगरच्या पोरांना परीक्षेला बसवलं, फक्त स्वतःच्या पोरीला बसवलं नाही. ह्या एका वाक्यात मला त्यांची गोष्ट उरकता येईल. पण मग तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्याचसाठी चहा टाकायला लावलात?

हिम्मतराव मूळचे परभणीकडचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पहाटेपासून अशी खडखड चालायची की आमच्या घरी आवाजाने कधी कुणी जागं झालं नाही. मशिनं थांबली की मात्र सगळे दचकून उठायचे. सरकारच्या लोअर आणि हायर परीक्षांना त्यांची मुलं बसत. दर शनिवारी ते टेबलावर गजराचं घड्याळ ठेवून मुलांची सराव परीक्षा घेत. घंटा वाजली की बोटं वर. एक अक्षर जास्त मारलं तरी कागद बाद. एवढा कडक माणूस, पण आवाज असा की शेजारच्या मशिनवरच्यालाही ऐकू जाऊ नये. मी चिडवायची, "हिम्मतराव, आईबापांनी नाव ठेवताना तुमचं तोंड पाहिलं नव्हतं वाटतं." ते हसून म्हणायचे, "पाहून ठेवलं असतं तर लई अवघड नाव झालं असतं, वहिनी."

त्यांची बायको पंचफुला रेल्वेत होती, सिकंदराबादच्या ऑफिसात. परीक्षा देऊन लागलेली. नवऱ्याचा आवाज जेवढा खाली, तेवढा हिचा वर. त्यामुळे ह्या घरातली भांडणं मला निम्मीच ऐकू यायची, पण ती निम्मी अगदी स्पष्ट.

मुलगी एकच, दीक्षा. चौथीत होती तेव्हा शाळेत बाईंनी तिमाहीचे नंबर मोठ्याने वाचून दाखवले आणि शेवटून पहिल्या चार-पाच जणांना बाकावर उभं केलं. त्यात ही. घरी आली ती ताप घेऊनच. तापात पोरगी पुटपुटत होती, "बसू का, टीचर? बसू का?" हिम्मतरावांनी ते ऐकलं. त्याच्या काही वर्षं आधी त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी हात थरथरून नापास झाला होता आणि गावी जो निघून गेला तो परत आला नाही. तो पोरगा त्यांच्या मनातून गेलाच नव्हता. ताप उतरला तसे ते शाळेत गेले आणि मुलीचं नाव काढून आले.

गल्लीत केवढी चर्चा! मी तर दोन दिवस स्वयंपाक करपवला. कोपऱ्यावरचा किराणावाला खालिदभाई म्हणाला, "टैपिंग मास्टर की अक्कल का रिबन सूख गया क्या?" मीही जिन्यात गाठून विचारलंच.

"पोरगी पुढं काय करणार हो? चांदण्या मोजणार?"

"मोजील की. पण घाईनं मोजणार नाही."

दुपारी इन्स्टिट्यूट रिकामी असे, तेव्हा हिम्मतराव तिला शिकवत. पुस्तकं सगळी होती, पण पुस्तकाच्या क्रमाने काही नाही. त्यांचा नियम एकच: एक प्रश्न धरला की तळ लागेपर्यंत सोडायचा नाही. मग एक दिवस लागो नाहीतर एक महिना. एकदा दीक्षाने विचारलं, आपल्या नळाला पाणी एक दिवसाआड का? झालं. तो सगळा उन्हाळा बापलेक स्कूटरवर हिंडत होते. नळावरून गंडीपेटच्या तलावाला गेले, तलावावरून मुशी नदीला. मुशीच्या काठावर म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्या आजोबांनी सांगितलेला मोठ्या पुराचा किस्सा ऐकून आले. मग ही नदी उन्हाळ्यात का आटते आणि गंगा का आटत नाही, त्याच्यामागे लागले. एका सकाळी मी नळावर बादली लावून उभी, तर ह्या पोरीने मला हिमालयातल्या बर्फापर्यंत नेऊन आणलं. छान सांगायची हो. डोळे असे चमकायचे की माझी बादली भरून वाहतेय हेही मला कळलं नाही, आणि पाण्याचा दिवस होता!

हिम्मतराव दारातून ऐकत होते. म्हणाले, "शाब्बास!"

हे शाब्बास त्या घरात मिठासारखं होतं, प्रत्येक पदार्थात. गणित सुटलं, शाब्बास. नाही सुटलं, प्रयत्नाला शाब्बास.

पंचफुलाला हे पटायचं नाही. वरून मी ऐकलंय, जमिनीला कान न लावता.

"तुमच्या शाब्बासवर कोण नोकरी देणार? इतरांच्या पोरांना मामा असतो, काका असतो, ओळख असते. आपल्या पोरांना मार्कशीट असते. दुसरं आहेच काय आपल्याजवळ?"

मग थोडी शांतता, म्हणजे हिम्मतराव बोलत असणार.

"ते मला कळतं हो! नका पाठवू शाळेत. पण वर्षातून एकदा तरी बाहेरचा पेपर आणा, घड्याळ लावा, सोडवून घ्या. तिला कळू द्या, आपल्याला कळू द्या. दुसऱ्यांच्या लेकरांना दर शनिवारी बसवता की!"

पुन्हा शांतता. ह्या वेळी मी जिन्यात दोन पायऱ्या उतरले, तेव्हा कुठे त्यांचं वाक्य हाती लागलं. "दुसऱ्यांची लेकरं माझ्याकडं परीक्षेसाठीच येतात. ही माझ्याकडं शिकायला बसते."

वाक्य छान होतं. मी ते गल्लीत चार ठिकाणी सांगितलं.

अशी वर्षं गेली. आबिड्सच्या बाजारात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, गल्लीतली मुलं तिकडे जाऊ लागली, आणि खालची खडखड कमी होत चालली. दीक्षा चौदाची झाली. समोरच्या घरातली पल्लवी तिची मैत्रीण. पल्लवीचं प्रगतिपुस्तक आलं की दोघी गच्चीवर बसून ते वाचायच्या, आणि दीक्षा ते असं उलटसुलट करून बघायची जसं आपण दुसरीची पैठणी बघतो.

एकदा गच्चीवर मी पापड उचलत होते. हिम्मतराव तिला जेवायला बोलवायला वर आले. तिने विचारलं, "बाबा, मला किती येतं?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? पल्लवीएवढं? की जास्त?"

"असं मोजत नसतात, बाळा."

"मोजायचं नाही, तर तुम्हाला कसं कळलं खूप आहे म्हणून?"

मी पापडांत तोंड लपवलं. हिम्मतराव म्हणाले, "चल, भात गार होतो."

पण पोरीने ते सोडलं नाही. तळ लागेपर्यंत सोडायचं नाही हे त्यांनीच शिकवलेलं. तिला शाळेत जायचं होतं, पल्लवीच्या वर्गात, नववीत. तिथून दहावीची परीक्षा द्यायची होती. पंचफुलाने ऑफिसातून रजा घेऊन शाळा धुंडाळल्या. एका शाळेच्या मोठ्या बाई तयार झाल्या. एक लेखी पेपर घेऊ, म्हणाल्या, सगळ्या विषयांचा मिळून. जमला तर थेट नववी. नाही जमला तर जिथे बसेल तिथे बसवू.

आता तरी घड्याळ लावून एक पेपर घ्या, म्हणून पंचफुला आठवडाभर मागे लागली. मीही सुचवलं, "हिम्मतराव, पोहायला टाकण्याआधी निदान पाय तरी भिजवा तिचे." ते म्हणाले, "तिला सगळं येतं, वहिनी. आता मध्येच घड्याळ दाखवलं तर उगं घाबरेल."

पेपरच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा ठिकाणी मी बोलावण्याची वाट बघत नाही. दीक्षा नवीन पेन घेऊन आत गेली. घाबरलेली? छे! सिनेमाला निघाल्यासारखी. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. पंचफुला पदराचं टोक पिळत होती, आणि हिम्मतराव गुडघ्यावर दहा बोटांनी टायपिंग करत होते. काय टाइप करत होते, देव जाणे.

बेल झाली. सगळ्यात शेवटी दीक्षा आली, चपराशी तिच्या मागे. "अम्मा, कितना चिमटके बैठे थे पेपर कू! छुड़ाना पड़ा," तो आम्हाला हसत सांगून गेला.

पोरीचा चेहरा फुललेला. "बाबा, काय मस्त होता पहिला प्रश्न! हिमालयातल्या नद्या आणि दख्खनच्या नद्या, फरक सांगा. मी मुशीपासून सुरुवात केली. पूर लिहिला, गंडीपेट लिहिलं, खडक कसा असतो ते लिहिलं. पुरवणी मागून घेतली!"

"शाब्..." म्हणता म्हणता हिम्मतराव थांबले. "अन् बाकीचे प्रश्न?"

"त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही."

"म्हणजे?" पंचफुला उभी राहिली.

"तो प्रश्न पुरा होत नव्हता ना, आई. घड्याळ दिसत होतं मला. पण अर्धा कसा सोडणार?"

गणित तिला येत होतं. विज्ञान येत होतं. पान उलटलं असतं तर नववी काय, पुढचंही लिहिलं असतं. पण प्रश्न अर्धा सोडून पुढे जायचं असतं, पाच मुद्दे लिहून हात झटकायचे असतात, हे तिला कधी कुणी करायलाच लावलं नव्हतं. ज्या घरात दर शनिवारी त्याचीच तालीम होत होती, त्या घरातल्या मुलीला!

मोठ्या बाईंनी दोन दिवसांनी बोलावलं. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "इतना अच्छा जवाब मेरे टीचराँ भी नहीं लिखते." मग चष्मा काढून पुसला. "लेकिन क्या करूँ मास्टरजी, एक जवाब पे नौवीं में कैसे बिठाऊँ? सातवीं में बिठाती हूँ." पंचफुलाने पुन्हा पेपर घ्या म्हणून विनवलं. बाई म्हणाल्या, तुम्हाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल.

घरी आल्यावर रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे मी घासाघीस न करता दिले. यावरून काय ते समजा. दारात दीक्षाने विचारलं, "बाबा, तुम्ही रोज म्हणायचात, ते खोटं होतं?"

"नाही, बाळा. देवाशपथ नाही."

"मग पेपर खोटा?"

हिम्मतराव चपला काढत राहिले. दोन चपला काढायला माणसाला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात ती आत निघून गेली होती.

ती सातवीत बसली. ओंजळीएवढी पोरं आजूबाजूला, आणि हिचे गुडघे बाकाला लागायचे. पोरं तिला "दीक्षा आँटी" म्हणायची. बाकी कुणाला म्हटलं असतं तर मी हसले असते. पण ती हुशार, तिने वर्षभरात ओळखलं की इथे काय चालतं. ट्यूशन लावली. मुद्दे पाठ केले. मुद्दे पाचच, सहावा सुचला तरी लिहायचा नाही. पल्लवी कॉलेजात गेली, तेव्हा दीक्षा नववीत आली, आणि नंबरात आली. तिने प्रगतिपुस्तक आणून आईच्या हातात दिलं. बापाला दाखवायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं, फक्त ते समोर नव्हते आणि तिने हाक मारली नाही.

त्याच सुमारास हिम्मतरावांनी इन्स्टिट्यूट बंद केली. मशिनं भंगारात गेली. मी खाली चहा घेऊन गेले, तर ते रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. चेष्टा तोंडापर्यंत आली होती, पण गिळली.

तेच म्हणाले, "वहिनी, पोरगी कुठं घाबरली होती? घाबरलो होतो मी. घरात एखादा पेपर बिघडला असता, तर पुढल्या शनिवारी हसत पुन्हा बसली असती. एकदा नापास व्हायला घरासारखी दुसरी जागा आहे का?" चहा गार होईपर्यंत त्यांनी कप हातातच धरला. "शिकवलं ते चुकलं नाही. पण मी मोजूच दिलं नाही, म्हणून तिनं पहिल्यांदा जे मोजलं गेलं तेच खरं धरलं. आता मला काही विचारत नाही. जेवलात का, एवढंच विचारते."

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये पुण्याचं एक जोडपं आलं, श्रीकांत आणि वंदना. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांचा आठ वर्षांचा हर्षद शाळेत जात नाही, घरीच शिकतो. वंदनाने मला विचारलं, बाहेरच्या परीक्षांना बसवावं का हो मुलांना? श्रीकांतला हवंय, मला नकोय. मी म्हटलं, माझ्याकडे ज्ञान नाही, नुसत्या बातम्या आहेत, खाली चला.

हिम्मतरावांनी त्यांना बसवलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असा निघाला. "बसवा. लहान आहे तोवर बसवा. निकालावर पोराला मारू नका, अन् मिरवू बी नका. पण पेपर कसा असतो ते त्याला आपल्या घरात कळू द्या." 

वंदना म्हणाली, "पण काका, त्याचं कुतूहल मरेल ना."

"ते परीक्षा न घेता बी मरतं, बाई," हिम्मतराव म्हणाले.

तेवढ्यात दीक्षा आतून आली, खांद्याला बॅग. दहावीचं वर्ष, सतरा पुरी झालेली. वंदनाने तिला हाताला धरून थांबवलं. "अगं, तूच सांग ना. तू तर घरी शिकलेली. तुला काय वाटतं?"

दीक्षाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक क्षण तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, मी पाहिलं. वाटलं, आता ही बसणार आणि सगळं तळापासून सांगणार. हिम्मतरावही खुर्चीवर पुढे सरकले.

"मोठा प्रश्न आहे, आँटी," ती म्हणाली. "आणि माझी ट्यूशन आहे."

चपला घालून ती गेली. हिम्मतराव तसेच पुढे सरकलेले राहिले.