मास्तरांचा भाचा

नवस आईने बोलला आणि फेडायची पाळी माझ्यावर आली. धाकट्या भावाचा मलेरिया डोक्यात गेला होता, तेव्हा तिने मारियामाईला कबूल केलं होतं, की पोरगा उठला तर धानोऱ्याच्या पुढच्या तुझ्या देवळापर्यंत पायी येईन. पोरगा उठला. त्याला क्विनाईनचं सलाईन मी माझ्या हाताने लावलं होतं, त्यामुळे तो कशाने उठला याबद्दल माझं मत जरा वेगळं होतं. पण वर्षभरात आईचे गुडघे इतके आखडले की चर्चच्या तीन पायऱ्या चढायलाही तिला कुणाचा तरी हात लागे. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तशी ती गप्प गप्प राहू लागली. शेवटी मी रजेचा अर्ज टाकला.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. आम्ही अकरा जण निघालो. पुढे लाकडी क्रूस घेतलेले म्हातारे मास्तर. मिशनच्या शाळेत त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं, म्हणून ते मला अजून 'पोरी' म्हणत. भात रांधायला एक विधवा बाई, तिला सगळेच मावशी म्हणायचे. बाकीची माणसं चर्चमध्ये रविवारी दिसणारी. चंद्रपूर ते मूल, मूल ते सावली, पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, मग धानोरा आणि त्यापुढचं जंगल. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं, उतरलं की परत चालायचं.

बारावा माणूस मूलला आला.

सकाळी आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यातून वळकट्या बांधून निघत होतो, तेव्हा तो फाटकाशी उभा होता. पस्तिशीचा, काळासावळा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. म्हणाला, "मी राजुऱ्याचा. कोळसा खाणीत हाओ. मायच्या तब्येतीसाठी यायचं हाय, संग येऊ काय?"

मास्तर म्हणाले, "रस्ता काई आपल्या बापाचा नाई. ये."

मी राजुऱ्याला दोन वर्षं काढली होती. चालता चालता सहज विचारलं, राजुऱ्यात कुठे राहता? तो म्हणाला, स्टँडच्या मागे. तिथलं चर्च कोणत्या बाजूला आहे ते विचारलं, तर म्हणाला, "तिकडंच, जवळच." राजुऱ्याचं चर्च स्टँडपासून जवळ नव्हतं. दुपारी जपमाळ म्हणताना मी त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, पण शब्द आमच्यामागून अर्धा क्षण उशिरा येत होते. क्रूसाची खूण त्याने आमच्या उलट, उजव्या खांद्याकडून डाव्या खांद्याकडे केली.

आणि त्याच्याकडे एक वही होती. थांबलो की तो झाडाआड जाऊन त्यात काहीतरी लिहायचा. जो दिसेल त्याला तो गाव विचारायचा, नातेवाईक विचारायचा, पुढे कुणाकडे उतरणार ते विचारायचा.

सावलीला पोचेपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो मावशीने पहिल्यांदा उच्चारला. "खबऱ्या हाय मेला."

"कोणाचा?" मी विचारलं.

"ते काऊन मले विचारतेस? पोलिसाचा असन नाई तर आतल्या लोकांचा असन. आपल्याले दोन्हीकडूनही मरणच."

त्या भागात तेव्हा ते खरंच होतं. आतल्या लोकांना, म्हणजे जंगलातल्या नक्षल्यांना, वाटलं की आपण पोलिसांना बातम्या देतो तर संपलो. पोलिसांना वाटलं की जंगलातल्यांना जेवू घालतो तरी संपलो. शिवाय क्रूस घेऊन चालणाऱ्यांकडे गावंही तिरपी बघायची. एका गावात आम्हाला विहिरीवर दोर मिळाला नाही. पाटलाने विचारलं, धर्म बाटवायला आलात काय. मास्तरांनी सांगितलं की नाही, नुसते चाललो आहोत. पाटलाचा विश्वास बसला नाही. नुसतं कोण चालतं?

दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाशी कुणी बोलेना. तो आला की गप्पा थांबायच्या. जेवताना त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. मावशी त्याला वाढायची, पण ताटाकडे न बघता. मीही त्यातलीच. उलट मी जास्तच. दवाखान्यात रोज खोटं ऐकायची सवय असल्यामुळे मला त्याचं एकेक खोटं वेचायला मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण मजा येत होती.

गडचिरोली सोडल्यावर तो लंगडू लागला. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दुपारी तो रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसला तो उठेचना. बाकीचे पुढे निघून गेले. मास्तर मागे वळून मला म्हणाले, "पोरी, तुयाजवळ औषधाचा डबा हाय ना?"

मी चरफडत परत गेले. त्याचे मोजे काढले, तर दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, एक फुटून चिघळलेला. पण माझं लक्ष गेलं ते नडग्यांकडे. घोट्याच्या वर चार बोटांवर केस झिजून कातडी गुळगुळीत झाली होती, दोन्ही पायांना सारखी. वर्षानुवर्षं उंच बूट कसून बांधणाऱ्याचे पाय. आमच्या दवाखान्यात असे पाय मी पुष्कळ बघितले होते, आणि त्यांच्यासोबत खाकी कपडेही.

मी कापूस भिजवत म्हणाले, "खाणीतला बूट इतका वर येत नाही."

मोहाची फुलं वेचणाऱ्या दोन बाया टोपल्या घेऊन समोरून गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर तो म्हणाला, "कोणाले सांगसान तर मी इथून परत जाणार नाई, बाई."

"कशाला पाठवलं तुम्हाला?"

"तुमी कोण लोकं, कुठी थांबता, कोणाले भेटता. एवढंच लिहाचं हाय."

"मग काय लिहिलंत?"

त्याने वही काढून माझ्या हातात दिली. मी वाचली. सकाळी निघाले. गाणे म्हटले. भात खाल्ला. झोपले. परत गाणे म्हटले. पानंच्या पानं तेच.

"चार दिवस झाले," तो म्हणाला. "तुमी कोणालेच भेटून नाई राह्यले. खरं सांगा, नुसतेच चालून राह्यले काय?"

मला हसू आलं, आणि लगेच शंकाही आली. ही वही दाखवायची असेल, खरी दुसरी असेल. मी पाणी निथळायला फोडात दोरा ओवला, पट्टी बांधली आणि कुणाला सांगणार नाही म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. तो उठला तेव्हा माझ्या खांद्याला धरूनच उठला.

आम्ही दोघं उशिरा मुक्कामाला पोचलो, आणि त्या संध्याकाळपासून माझ्या ताटाच्या दोन्ही बाजूंनाही जागा मोकळी राहू लागली. मावशीने विचारलं, "काय बोलत होता तो?" मी म्हणाले, "पाय दुखतात म्हणत होता." तिने मान हलवली, पण माझ्याशी पुढे बोलली नाही. चार दिवस ज्या नजरेने मी त्याच्याकडे पाहत होते, ती नजर आता माझ्या पाठीवर होती. ती किती जड असते ते मला तेव्हा कळलं.

धानोऱ्याच्या पुढे, देऊळ एका दिवसावर असताना, एका गावाच्या वेशीवर आम्हाला थांबवलं. दुपारची वेळ होती. गावातले पाच-सात जण होते, आणि त्यांच्यात दोन तरुण, जे त्या गावचे वाटत नव्हते. मास्तरांनी तिकडच्या रीतीने जोहार घातला. त्यांनीही घातला. कुठून आलात, कुठे चाललात, सगळं विचारून झालं. मग त्यातल्या एका तरुणाने प्रत्येकाच्या तोंडाकडे सावकाश बघितलं आणि आमच्या बाराव्या माणसापाशी येऊन थांबला.

"हा कोण?"

तो माणूस जमिनीकडे बघत होता.

मास्तरांनी क्रूस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "माहा भाचा हाय," ते म्हणाले. "बहिणीचा पोरगा. माय बिमार हाय त्याची."

तरुण माझ्याकडे वळला. "खरं?"

"खरं," मी म्हणाले.

"त्याच्या मायले मी वळखते," मागून मावशी म्हणाली. "वातानं अंथरुणाले लागली हाय बिचारी. तूच सांग ना रे, तोंडात गुळणी धरली काय?"

"लई दुखते तिले," तो कसाबसा म्हणाला.

त्यांनी आम्हाला जाऊ दिलं. जाताना गावातल्या एका म्हाताऱ्याने भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणीही पाजलं. मैलभर आम्ही भराभर चाललो. मग मी मास्तरांच्या बरोबरीने चालत म्हणाले, "मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगू नको," ते म्हणाले. "तो कोण हाय ते मले माईत नाई. माईत झालं तर पुढच्या बारीले इतक्या सरळ तोंडानं खोटं नाई बोलता येणार."

"पण तुम्हाला त्याचा संशय होता ना?"

"होता. आताही हाय."

"मग?"

"संशय हाय म्हणून मरू द्याचं काय त्याले?"

देवळाला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. देऊळ म्हणजे कौलारू खोली, आत मारियामाईची हातभर मूर्ती, निळा रंग उडालेला. आईच्या नावाने मी मेणबत्ती लावली. पापनिवेदनाला, म्हणजे फादरला आपली पापं सांगायला, रांग होती. मास्तर माझ्या पुढे होते आणि त्यांना बराच वेळ लागला. मी माझी बाकीची पापं सांगितली. वेशीवरचं ते 'खरं' मात्र सांगितलं नाही. पश्चात्ताप झाला नसेल तर सांगून उपयोग नाही, असं स्वतः मास्तरांनीच शिकवलं होतं.

तो माणूस आत आला नाही. बाहेर पायरीवर बसून होता. निघताना मावशीने त्याच्या हातात भाताचं फडकं दिलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मायले सांभाळ." त्याला खरंच आई होती की नव्हती, देव जाणे. तो मान खाली घालून बसच्या रस्त्याला लागला. पुढे तो कधी दिसला नाही. आमच्यापैकी कुणालाही कधी ठाण्यात बोलावणं आलं नाही, त्याअर्थी त्याने भात आणि गाणीच लिहिली असावीत. असावीत, एवढंच म्हणते. मला आजही खात्री नाही.

लोक विचारतात, इतकं चालून काय मिळालं. माझा स्वभाव काही बदलला नाही. मी अजूनही समोरच्याचं खोटं चटकन पकडते. पण त्यानंतर काही वर्षांनी, पावसाळ्यात, आतल्या गावातून एका बाईला आमच्या दवाखान्यात आणलं. दंडात खोल जखम, आणि ती सांगत होती की झाडावरून पडले. ती झाडावरून पडलेली नव्हती, हे दारातूनच दिसत होतं. सोबतची शिकाऊ नर्स माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खोटं बोलते आहे." मी म्हणाले, "हो. आधी पाणी उकळायला ठेव."